पहिला डायनोसॉर कोणता? हाड कधी सापडलं, नाव कधी पडलं, गट कधी ओळखला गेला

भूस्तर

'पहिला डायनोसॉर कोणता' असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: मेगालोसॉरस, १८२४, ऑक्सफर्डचा भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड. उत्तर चूक नाही, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. हाड हाती लागणं वेगळं, त्याला नियमात टिकणारं नाव मिळणं वेगळं, आणि हे सगळे प्राणी मिळून एक स्वतंत्र गट आहे हे लक्षात येणं त्याहून वेगळं.

हाडाचं म्हणाल तर १६७७. ऑक्सफर्डशायरमधल्या कॉर्नवेल गावच्या खाणीतून आलेलं मांडीच्या हाडाचं खालचं टोक निसर्ग-अभ्यासक रॉबर्ट प्लॉटने चित्रासकट छापलं. सांध्याकडचा घेर २ फूट, वजन जवळपास २० पौंड, म्हणजे ९ किलो. त्याने आधी रोमनांनी आणलेल्या हत्तीचा विचार केला. पण १६७६ साली ऑक्सफर्डात एक हत्ती दाखवायला आणला होता, त्याच्याशी ताडून पाहिल्यावर हे हाड जुळेना. मग त्याने ते राक्षसी देहाच्या माणसाचं ठरवलं. निष्कर्ष फसला, तरी 'हा दगड नाही, हे हाड आहे आणि मांडीचंच आहे' इतकं त्याने बिनचूक सांगितलं. त्या काळात हेसुद्धा थोडं नव्हतं.

नावाची तारीख २० फेब्रुवारी १८२४. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत बकलंडने मेगालोसॉरसवरचा निबंध वाचला. त्याच सभेत भूशास्त्रज्ञ कोनीबेअरने जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगला सापडलेल्या जवळपास पूर्ण प्लेसिओसॉरसचं वर्णन केलं. (प्लेसिओसॉर आणि इक्थिओसॉर हे समुद्री सरीसृप, डायनोसॉर नव्हेत. मेरी ॲनिंगचं नाव घेतलं की हा घोळ हमखास होतो.)

गट आला १८४२ मध्ये, शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनच्या छापील अहवालात, 'डायनोसॉरिया' या नावाने.

तपशिलांची भर घाला. गोष्टीरूप किस्से सगळीकडे आहेतच, इथे हाडं आणि नियम यांवर बोलू.

चौकस_चिमणी

एक शंका. प्लॉटचं तेच हाड रिचर्ड ब्रूक्सने १७६३ साली पुन्हा छापलं आणि चित्राखाली 'स्क्रोटम ह्युमॅनम' असं लिहिलं. दोन शब्द, दोन्ही लॅटिन, आणि साल १७५८ नंतरचं. मग नियमाने पहिलं नाव हेच का नाही? (अर्थ ज्याने त्याने कोशात बघावा.)

लॅटिन_मास्तर

@चौकस_चिमणी, ही शंका थट्टेची वाटते, पण हॅल्स्टेड नावाच्या पुराजीवशास्त्रज्ञाने १९७० मध्ये ती मांडली होती, आणि पुढे त्याचा सहकारी सार्जंटने ती प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगापर्यंत नेली. आयोगाने ती धरली नाही.

१७५८ हे साल महत्त्वाचं, कारण लिनीयसच्या 'सिस्टिमा नॅचुरी'ची दहावी आवृत्ती त्या वर्षीची. त्याआधीचं कुठलंही नाव प्राणिनाम म्हणून विचारातच घेत नाहीत. म्हणून एडवर्ड लॉइडने १६९९ मध्ये एका दाताला दिलेलं 'रुटेलम' हे नाव आपोआप बाद, मग तो दात सॉरोपॉडचा, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचा, का असेना. ब्रूक्सचं नाव या चाळणीतून पार होतं, पण पुढच्या चाळणीत अडकतं. नाव देणाऱ्याने ते प्रजाती (इंग्रजीत जीनस) आणि जाती (स्पीशीज) म्हणून वापरलेलं असावं लागतं. ब्रूक्सने फक्त चित्राचा आकार कशासारखा दिसतो ते लॅटिनमध्ये टिपलं होतं. मजकुरात तो प्लॉटचाच कित्ता गिरवत ते मांडीचं हाड म्हणतो.

आणि मूळ हाड हरवलंय. चित्रावरून ते मेगालोसॉरसचं असावं असा अंदाज करता येतो, सिद्ध करता येत नाही. नाव टांगायला खुंटी लागते. त्या खुंटीला होलोटाइप म्हणतात, म्हणजे नाव ज्यावर बेतलं तो प्रत्यक्ष नमुना. इथे खुंटीच नाही.

या धाग्यात पुढे जी नावं येतील त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं हेच आहे. नाव दणदणीत, खुंटी कच्ची.

दगडफोड्या

मेगालोसॉरसची खुंटी कशी आहे ते सांगतो, पण त्याआधी खाण समजून घ्या.

स्टोन्सफील्ड हे ऑक्सफर्डच्या वायव्येचं गाव. तिथे छपराच्या दगडी पाट्या निघायच्या. खडक मध्य ज्युरासिक काळातला, साधारण १६ ते १७ कोटी वर्षांपूर्वीचा. विहिरीसारखे खड्डे घेऊन खालून आडवे बोगदे मारत आणि ठोकळे वर काढत. हे ठोकळे छिन्नीने नीट फुटत नाहीत. ते ओलेच ठेवायचे, मातीने झाकायचे आणि कडाक्याच्या थंडीची वाट बघायची. गोठण पडायची चिन्हं दिसली की ठोकळे उघडे करून त्यांवर पाणी मारायचं. थरांमधलं पाणी गोठून फुगतं आणि पाट्या सुट्या होतात. ठोकळा एकदा सुकला की गेला, मग कितीही पाणी मारा, थर सुटत नाहीत.

याचा जीवाश्मांशी संबंध असा की हाडं दोनदा दिसायची: एकदा बोगद्यात आणि एकदा पाट्या सुटताना. दोन्ही वेळी ती सुटी-सुटीच. मुळात उथळ समुद्रात वाहून आलेला माल, त्यामुळे एका प्राण्याचा सांगाडा एका जागी मिळायची आशाच नको. बकलंडकडे जबड्याचा तुकडा, काही मणके, कमरेची हाडं आणि मांडीचं हाड असं गाठोडं होतं. हे एकाच प्राण्याचं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

जबड्याचा तुकडा १७९७ मध्ये क्रिस्टोफर पेगने साडेदहा शिलिंगांना घेतला होता. बकलंडने त्यात काय पाहिलं?

दात चपटे, मागे वळलेले, कडांना करवतीसारखे बारीक काते. म्हणजे मांसाहारी. एक दात पूर्ण वर आलेला आणि बाकीचे कमी-जास्त उंचीचे, आतून नवे फुटताहेत. सस्तन प्राण्यात दात असे आयुष्यभर बदलत नाहीत, म्हणून हा सरीसृप. जबड्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जवळपास इंचभर उंच, हे घोरपडीच्या वळणाचं. पण दात मात्र मगरीसारखे खोबणीत बसलेले. घोरपड आणि मगर यांची ही सरमिसळ त्याने नोंदवली आणि शेवटी 'प्रचंड सरडा' असं नाव दिलं.

छापलेल्या लेखातली हाडांची चित्रं मेरी मॉरलँडची आहेत. ती पुढे बकलंडची पत्नी झाली. ती चित्रं इतकी काटेकोर आहेत की आजही अभ्यासाला चालतात.

पाऊणफुटी

बकलंडने लांबी ४० फूट सांगितली होती ना? आज ६ ते ९ मीटर सांगतात. एवढा फरक कसा?

दगडफोड्या

त्रैराशिक मांडलं म्हणून. मांडीचं हाड २ फूट ९ इंच. सरड्यात मांडीच्या हाडाच्या किती पट लांबी असते ते घ्या आणि गुणा. उत्तर ४० फुटांच्या वर, म्हणजे १२ मीटर. सरड्याचे पाय अंगाच्या मानाने आखूड आणि शेपूट लांबलचक असते. हा प्राणी दोन उभ्या पायांवर चालणारा, मांडी मुळातच लांब. त्यामुळे गुणक चुकला आणि उत्तर फुगलं. मॅन्टेलकडच्या आणखी मोठ्या हाडाला तोच हिशेब लावून बकलंडने ६० ते ७० फुटांचा प्राणी काढला.

ओवेनने रीत बदलली: एका मणक्याची लांबी गुणिले मणक्यांची संख्या. मेगालोसॉरस ३० फुटांवर आला आणि इग्वानोडॉन २८ वर. हाडाच्या जोडीला हिशेबाची रीत लिहिलेली नसेल तर कुठल्याही लांबीच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, अगदी आजच्या बातम्यांतल्यासुद्धा.

लॅटिन_मास्तर

नावाच्या बाजूने भर. 'मेगालोसॉरस' हा शब्द छापून आला तो १८२२ मध्ये, जेम्स पार्किन्सनच्या पुस्तकात. (कंपवाताला ज्याचं नाव आहे तोच हा पार्किन्सन.) पण धड वर्णन नाही, म्हणून ते 'नोमेन न्यूडम', नुसतंच नाव. श्रेय बकलंडला.

बकलंडने फक्त प्रजातीचं नाव दिलं, जातीचं दिलंच नाही. १८२६ मध्ये जर्मनीच्या रिटगेनने 'कोनीबेअरी' जोडलं, १८२७ मध्ये मॅन्टेलने 'बकलंडी'. आधीचं ते खरं या न्यायाने रिटगेनचं नाव टिकायला हवं होतं. पण नियमात पळवाट आहे: जुनं नाव १८९९ नंतर कुणीच वैध म्हणून वापरलेलं नसेल, आणि नवं नाव गेल्या ५० वर्षांत किमान १० लेखकांनी किमान २५ प्रकाशनांत वापरलं असेल, तर जुनं नाव 'विस्मृत' म्हणून बाजूला ठेवता येतं. तसंच झालं.

आणि खुंटी? आज ती फक्त तो जबडा आहे. अनेक नमुन्यांवर बेतलेल्या नावासाठी नंतर एकच नमुना निवडला की त्याला लेक्टोटाइप म्हणतात. हे केलं नाही तर काय होतं ते मेगालोसॉरसनेच दाखवलं. सव्वाशे-दीडशे वर्षं जगभरातलं कुठलंही मोठं मांसाहारी हाड त्याच्या नावावर खपवलं गेलं. आपल्याकडच्या हाडांनाही ते लेबल लागलं होतं.

भूस्तर

इग्वानोडॉनकडे वळू. ससेक्समधलं ककफील्ड, तिथली व्हाइटमन्स ग्रीनची खाण, आणि लुईस गावचा डॉक्टर गिडियन मॅन्टेल.

दात पानाच्या आकाराचे, कडांना दाते, पण चघळून चघळून माथा सपाट झिजलेला. घोडं इथेच अडलं. तेव्हा माहीत असलेला एकही सरीसृप चघळत नव्हता. झिजलेला माथा म्हणजे सस्तन प्राणी, हा तेव्हाचा सरळ नियम. जून १८२३ मध्ये भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलने एक दात पॅरिसला, तेव्हाचा नामवंत शरीरशास्त्रज्ञ कुव्हिए याला दाखवला, तर तो म्हणाला गेंडा. बकलंडलाही सरीसृप पटेना, त्याचा रोख दात अलीकडच्या गाळातले असावेत असा होता. म्हणून मॅन्टेलचा सगळा भर थर सिद्ध करण्यावर होता. दात त्याच जुन्या वालुकाश्मातून आलेत, वरच्या रेती-खडीतून नाहीत, हे दाखवल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. १८२४ मध्ये कुव्हिएने पत्र लिहून शाकाहारी सरीसृप असू शकतो असं मान्य केलं.

त्याच वर्षी लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात सॅम्युएल स्टचबरीने मॅन्टेलला इग्वानाचा सांगाडा दाखवला. न झिजलेला दात ठेवून पाहिला तर आकार हुबेहूब, फक्त २० पट मोठा. (इग्वाना म्हणजे अमेरिकेतला मोठा शाकाहारी सरडा, आपल्याकडे होत नाही.) मॅन्टेलच्या मनात 'इग्वानासॉरस' होतं. कोनीबेअरने कळवलं की हे नाव खुद्द इग्वानालाच जास्त शोभेल, 'इग्वानोडॉन' कर. निबंध १० फेब्रुवारी १८२५ ला रॉयल सोसायटीत वाचला गेला.

चौकस_चिमणी

आणि मिसेस मॅन्टेलना रस्त्याकडेला दात सापडले, ती कथा?

भूस्तर

दात पत्नी मेरी ॲनला सापडले हे मॅन्टेलनेच १८२७ मध्ये लिहिलंय, आणि १८५१ मध्ये त्यानेच स्वतःला सापडले असं लिहिलंय. रुग्ण बघायला गेला असताना ती बाहेर फेऱ्या मारत होती वगैरे प्रसंगाला त्या वेळचा पुरावा नाही. पक्कं इतकंच की मॅन्टेल खाणकामगारांना पैसे देऊन हाडं मिळवत होता आणि माल खाणीतूनच येत होता.

लॅटिन_मास्तर

इग्वानोडॉनची खुंटी मेगालोसॉरसपेक्षाही कच्ची निघाली. मॅन्टेलनेही जातीचं नाव दिलं नाही. १८२९ मध्ये होलने 'अँग्लिकम' जोडलं. ('ओडॉन' पुल्लिंगी, म्हणून ते दुरुस्त होऊन 'अँग्लिकस' झालं.) पण तसे दात त्या कुळातल्या कितीतरी प्राण्यांना असतात. नुसत्या दातांवरून जात ठरत नाही.

दरम्यान १८७८ मध्ये बेल्जियमच्या बर्निसार येथे कोळशाच्या खाणीत ३२२ मीटर खोलवर पूर्ण सांगाडे मिळाले. मॅन्टेलने नाकावर बसवलेलं 'शिंग' म्हणजे हाताच्या अंगठ्याची नखी, हे त्यावरून नक्की झालं. शेवटी २००० साली आयोगाने निर्णय दिला: इग्वानोडॉन या नावाचा आधार आता इंग्लंडचे दात नाहीत, 'बर्निसार्टेन्सिस' ही जात. खुंटीच बदलली, नाव तसंच राहिलं. असा निर्णय अर्ज केल्याशिवाय होत नाही.

दगडफोड्या

बर्निसारचा उल्लेख आलाच आहे तर एक इशारा. ती हाडं पायराइटने, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाने, भरलेली होती. खाणीतल्या गाळात ठीक, पण वर हवा आणि दमट वातावरण मिळालं की पायराइटचं सल्फेट आणि सल्फ्युरिक आम्ल होतं. सल्फेट जागा जास्त घेतं, हाड आतून फुटतं आणि पांढरी-पिवळी पूड सांडायला लागते. तेव्हा प्लास्टरची कवचं चढवून सुमारे ६०० ठोकळ्यांत ती बाहेर काढली, मग गरम सरस पाजला. तरी किडणं थांबलं नाही. आजही असा नमुना कोरड्या हवेतच ठेवतात. पाण्याने धुणं हा सर्वांत वाईट उपाय.

पाऊणफुटी

तिसरा कोण? ओवेनने तीन प्राणी घेतले होते ना?

भूस्तर

हायलिओसॉरस. १८३२ च्या उन्हाळ्यात टिलगेट फॉरेस्टच्या खाणीत सुरुंग उडाला, आणि दगडाचे जे पन्नासेक तुकडे झाले त्यात हाडं दिसली. मॅन्टेलने ते जुळवले. पुढचं अर्धं धड, त्यावर चिलखताच्या ढाली आणि काटे. नाव १८३३ चं, आणि यावेळी जातीसकट: 'अर्माटस'. तिघांत हाच नावाच्या बाबतीत सर्वांत बिनतक्रार, आणि याचीच आठवण कुणाला होत नाही.

ओवेनने जोडणारा दुवा काढला तो त्रिकास्थीत. कमरेचे पाच मणके एकजीव झालेले, सरड्या-मगरींत दोन. शिवाय मांड्या अंगाखाली उभ्या. वाइट बेटावरचा (आयल ऑफ वाइट) इग्वानोडॉनचा तसा नमुना लंडनच्या सॉल नावाच्या संग्राहकाकडे होता, तो ओवेनने पाहिला. १८४१ च्या ऑगस्टमध्ये प्लिमथला त्याने भाषण केलं, पण तिथल्या वर्तमानपत्री वृत्तांतांत 'डायनोसॉरिया' हा शब्द कुठेच नाही. तो १८४२ च्या छापील अहवालात आला. इतिहासकार ह्यू टोरेन्सने हे दाखवून दिलं, तरी १८४१ हे साल अजून सगळीकडे फिरतंय. या धाग्यात तरी १८४२ लिहा.

गंमत म्हणजे थेकोडोन्टोसॉरस (१८३६), प्लेटिओसॉरस (१८३७) आणि खुद्द ओवेनचा सेटिओसॉरस (१८४१) यांना तोवर नावं मिळाली होती. तिघंही डायनोसॉरच. ओवेनने त्यांना गटात घेतलं नाही. सेटिओसॉरस तर त्याला समुद्रातला मगरीसारखा प्राणी वाटला. आणि पाच मणक्यांची कसोटी आज टिकत नाही, सुरुवातीच्या डायनोसॉरांत ते दोन-तीनच असतात. आता आरपार उघडी खुब्याची वाटी बघतात.

वऱ्हाडी_खडक

आपल्या बाजूचं मी घालतो. ओवेनच्या १४ वर्षं आधी, १८२८ मध्ये, जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर कॅप्टन स्लीमनला मणके मिळाले. हाच तो ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन. मणके डॉ. स्पिल्सबरीमार्फत कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेले. नाव मिळायला १८७७ उजाडलं: रिचर्ड लिडेकरने शेपटीच्या मणक्यांवर 'टायटॅनोसॉरस इंडिकस' केलं. पुढे हे मणके संग्रहात गहाळ झाले. स्लीमनचा एक मणका २०१२ मध्ये कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा हाती लागला.

त्याच १८७७ साली अमेरिकेत मार्शने दुसऱ्याच प्राण्याला टायटॅनोसॉरस म्हटलं. लिडेकरचं आधीचं, म्हणून मार्शला आपलं बदलून अटलांटोसॉरस करावं लागलं. जबलपूरच्या मणक्यांपुढे मार्शने माघार घेतली, हे वाचायला बरं वाटतं.

१८७९ मध्ये लिडेकरने दुसरी जात केली, 'ब्लॅनफोर्डी', तीही शेपटीच्या मणक्यांवर. हे मणके चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याचे. पिसदुरा आजही अभ्यासकांत प्रसिद्ध आहे ते जीवाश्म झालेल्या शेणाच्या गोळ्यांसाठी.

अडचण नेहमीचीच. मणका पुढून खोलगट, मागून फुगीर, उखळीत बसणाऱ्या सांध्यासारखा. १८७७ मध्ये हे वैशिष्ट्य होतं, आज टायटॅनोसॉरिया या सॉरोपॉडांच्या गटातल्या असंख्य प्राण्यांत ते दिसतं. म्हणून २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी दोन्ही जाती 'नोमेन ड्यूबियम', म्हणजे संशयित नाव, ठरवल्या. लिडेकरने तेव्हा चूक केली नव्हती. नंतर इतके नातेवाईक सापडले की ओळख पटवणारी खूण सगळ्यांचीच झाली.

पाऊणफुटी

मग 'टायटॅनोसॉरिया' हे गटाचं नाव कसं काय अजून चालतं?

लॅटिन_मास्तर

कारण प्राणिनामांची संहिता फक्त महाकुल, कुल, प्रजाती आणि जाती या पातळ्यांवर लागू होते. त्यावरची नावं तिच्या कक्षेत नाहीत, ती वहिवाटीने चालतात. 'डायनोसॉरिया'सुद्धा त्यातलंच. खालची खुंटी निखळली तरी वरचं नाव लटकून राहू शकतं.

चौकस_चिमणी

चंद्रपूरकडे शेतात असं काही दिसलं तर करायचं काय?

वऱ्हाडी_खडक

उपटायचं नाही, हे पहिलं. आधी हाडच आहे का बघा: तुटलेल्या टोकावर बारीक छिद्रांची जाळी दिसली तर हाड. नुसता गोल-लांबट आकार असेल तर बहुतेक वेळा चुनखडीची गाठ निघते. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो: एक जवळून, एक ज्यात थर दिसेल असा. फोनवरून अक्षांश-रेखांश लिहून ठेवा. पडलेला तुकडा कोणत्या थरातून आला ते लिहा. मॅन्टेलची दोन वर्षं याच एका प्रश्नात गेली. धुवायचं नाही, घरातला गोंद लावायचा नाही, तो नंतर काढताना पृष्ठभाग सोलून येतो. कळवायचं नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला.

लॅटिन_मास्तर

नावं वाचताना एक खूण उपयोगी पडते, वरोऱ्याचंच उदाहरण घेऊन सांगतो. डोंगरगावला मिळालेल्या सांगाड्याला १९९७ मध्ये जैन आणि बंदोपाध्याय यांनी 'टायटॅनोसॉरस कोलबर्टी' नाव दिलं. २००३ मध्ये टायटॅनोसॉरस संशयित ठरल्यावर हा प्राणी मात्र वेगळा ओळखू येत होता, कारण इथे मान, पाठ, खांदा, कंबर असा भरपूर सांगाडा आहे. म्हणून त्याला नवी प्रजाती मिळाली: इसिसॉरस, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. आता ते असं लिहितात: इसिसॉरस कोलबर्टी (जैन आणि बंदोपाध्याय, १९९७). कंस म्हणजे जात यांनी ठरवली, पण दुसऱ्या प्रजातीत. कंस नसता तर प्रजाती बदललेली नाही असा अर्थ झाला असता, जसं मेगालोसॉरस बकलंडी मॅन्टेल, १८२७. बातम्यांत हा कंस बिनदिक्कत गाळतात किंवा भलतीकडे घालतात.